थोरल्याचं यंत्र, धाकट्याचा फोन

मोबाइलच्या दुकानात रांगेत बसलेल्या निवृत्त मास्तरांनी कान टवकारले. काउंटरशी एक आजी दुकानदाराशी हुज्जत घालत होत्या.

“आजी, कानातलं यंत्र उत्तम आहे, फोनही उत्तम आहे. पण कंपन्या वेगळ्या, म्हणून एकमेकांना जोडली जात नाहीत.”

“अरे, संध्याकाळी नात फोनवर निकाल सांगणार आहे! मला ऐकू नको का यायला?”

“मग दोन्ही एकाच कंपनीची घ्या.”

“यंत्र थोरल्या मुलाने दिलंय, फोन धाकट्याने. ज्याचं परत करीन तो फुगून बसेल.”

“दोघांना समजावून सांगा की.”

“काय समजावू? ज्याने जे दिलं, त्याच कंपनीत तो नोकरीला आहे. जेवतानासुद्धा एकमेकांच्या मालाला नावं ठेवतात.”

“मग नातीचं बोलणं कसं ऐकता?”

“यंत्र काढून ठेवते आणि तिला ओरडायला सांगते. ओरडते बिचारी. अजून कुठे नोकरीला लागली नाहीये ना!”