उरलेली एक्केचाळीस काडतुसं

मंडळी, आज दुपारी ऑस्ट्रेलियाहून फोन आला. पर्थजवळच्या रायफल क्लबमधले कॉलिन बोलत होते. आपल्या सुहासची पेटी त्यांच्या कपाटात कुलपात आहे. आत एक्केचाळीस काडतुसं आहेत, कुणी हात लावलेला नाही. त्यांनी स्वतः मोजून सांगितलं. सुहासची मुलगी इरा माझ्या शेजारीच होती, तिनंही ऐकलं.

सुहासला जाऊन आज तेरा दिवस झाले. कामाचा दिवस असून तुम्ही सगळे हौगांगला, या हॉलमध्ये आलात. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नको म्हणालो होतो. का, ते ऐकलंत की कळेल.

तुम्ही त्याला क्वालिटी इंजिनिअर म्हणून ओळखत होता. वर्षातून दोनदा तो पर्थला जायचा. कशाला, ते नीलावहिनी सांगायच्या, "आमचे हे दारू मोजायला जातात." लोक हसायचे. पण तो खरंच दारू मोजायचा, काडतुसातली. इथे सिंगापुरात असलं काही घरी करता येत नाही. तिथून निघताना तो बॅगेचे, पँटचे सगळे खिसे उलटे करून बघायचा. काडतुसाची एखादी रिकामी पुंगळी चांगी विमानतळावर सापडली तर निस्तरणार कोण?

तिथे क्लबमध्ये, परवान्यानिशी, तो आपली काडतुसं आपण भरायचा. पितळी पुंगळ्या वजनानं निवडायचा. प्रत्येकीची दारू वेगळी तोलायचा. गोळी प्रत्येकीत तेवढीच खोल बसवायचा. मी एकदा विचारलं, इतकं कशाला रे? म्हणाला, "नेम चुकला तर माझा चुकला, असं म्हणता आलं पाहिजे. काडतुसाकडे बोट दाखवायला जागा नको."

आणि त्याचा एक नियम होता. निशाणावर गोळ्या पसरायला लागल्या, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एकच. दोन बदलल्या तर काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही.

मंडळी, शेवटच्या खेपेला त्याच्या गोळ्या पसरल्या. नीलावहिनींनी त्याची वही मला दिली, तीत सगळं आहे. दारू तोलायचा काटा बदलला, फरक नाही. दारूचा नवा डबा फोडला, फरक नाही. रायफल कॉलिननी झाडून पाहिली, त्यांच्या गोळ्या एका जागी. मग पन्नास काडतुसं नव्यानं भरली, नऊ झाडली, तरी तेच, आणि थांबला. खाली दोन ओळी आहेत. "आता बदलायचा राहिलो तो मीच." आणि, "उरलेली कुणालाही देऊ नयेत."

परत आल्यावर आम्ही बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये खायला भेटलो. म्हणाला, "सगळं तपासलं. आता मीच उरलो. घरी सांगू का?"

मी म्हणालो, "काय सांगणार, साठी आली म्हणून? चष्मा बदल."

"बदलला रे."

मी दोन कप कोपी मागवली. विषय तिथे संपला. मी संपवला.

चार महिन्यांनी तो एमआरटी स्टेशनच्या जिन्यावर कोसळला. मेंदूत गाठ निघाली. नीलावहिनींनी डॉक्टरांना विचारलं, आधी कळलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. खरं तेच त्यांनी सांगितलं.

इरा युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये रायफल चालवते. बाबाची काडतुसं पर्थला जाऊन झाडायची, असं तिच्या मनात होतं. मी वही वाचायच्या आधीच हो म्हणून बसलो होतो. दारू जास्त पडलेलं काडतूस हातात फुटू शकतं, म्हणून नंतर नाही म्हणायला गेलो, तर इथल्या पोरांच्या सुरात म्हणाली, "काका, तुम्ही ऑलरेडी हो म्हणालात लाह. एकच झाडते. बाबानं भरलंय, त्याचं कधी चुकत नाही."

मी वही तिच्यापुढे ठेवली. तिनं त्या दोन ओळी वाचल्या.

"बाबाला माहीत होतं? अँड नेव्हर से?"

मी म्हणालो, "मला म्हणाला होता, बाळा."

तिनं वही मिटली. आज फोन ठेवल्यावर म्हणाली, "मी जाणार तिकडे."

शनिवारी कॉलिन ती एक्केचाळीस काडतुसं एकेक करून उकलतील आणि आतली दारू तोलतील. इरा तिकडे जाणार आहे. आकडे ती स्वतः लिहून घेणार आहे. वजनं एकसारखी निघाली, तर तेव्हा त्याचा हात तरी शाबूत होता, असं मला म्हणता येईल. कमीजास्त निघाली, तर बेडोकला माझ्यासमोर आजारी माणूस बसला होता आणि मी त्याला चष्मा बदलायला सांगितलं.

इराला मी म्हटलं, काय निघेल ते मला कळव. ती म्हणाली, "जसंच्या तसं कळवीन, काका. तुम्हाला बरं वाटावं म्हणून बदलणार नाही."

मंडळी, उठू या. आता दोन मिनिटं सुहाससाठी गप्प राहू या.