चारशे बारा नंबरची बाही

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या स्टोअरचे सर्वेसर्वा माननीय सिराजुद्दीन परकार, आपला सुट्टीचा दिवस मोडून आमच्या मेसमध्ये आलेले प्रमुख पाहुणे, सेफ्टी मॅनेजर आदरणीय कर्टिससाहेब, ज्यांच्या निमित्ताने रफीकने आज डाळीत खरोखरची डाळ घातली आहे ते सत्कारमूर्ती श्री. गुणाजीराव मांडवकर, आणि शुक्रवारची दुपारची झोप सोडून इथे बसलेल्या माझ्या जुबैल कॅम्पच्या तमाम बंधूंनो!

कर्टिससाहेबांना मराठी येत नाही. सिराजभाई त्यांच्या कानात भाषांतर करताहेत. मी आत्ता एवढं लांबलचक संबोधन केलं, ते सिराजभाईंनी तीन शब्दांत उरकलं. माझ्या भाषणात नेमका माल किती, याचा अंदाज आपल्याला इथेच आला असेल.

मी विश्वनाथ घाग, टाइम ऑफिसवाला. तुम्ही सगळे रोज सकाळी हजेरीसाठी ज्या खिडकीसमोर तोंडं वाकडी करून उभे राहता, त्या खिडकीच्या आतला माणूस. गुणाजीराव आणि मी एकाच वर्षी, एकाच एजंटच्या थापांना भुलून इथे सौदीत आलो. त्याला तेवीस वर्षं झाली. त्यांनी माझ्याबरोबर तेवीस वर्षांत जेवढे चहा घेतले, त्यांचे पैसे... जाऊ द्या, आज सत्काराचा दिवस आहे.

गेल्या आठवड्यात आलेली नवी मंडळी मागे बसली आहेत. त्यांच्यासाठी सांगतो. गुणाजीराव आमचे स्कॅफोल्डिंगचे फोरमन. पाइप आणि फळ्यांची परांची बांधायची, ती तपासायची आणि शिडीशी टॅग लावायचा. हिरवा टॅग म्हणजे चढा. लाल टॅग म्हणजे कोणीही येऊन सांगो, चढायचं नाही. नव्या पोराच्या हातात पहिला टॅग देताना गुणाजीराव एक वाक्य ऐकवतात. तुम्हालाही ऐकवलं असेल. "टॅग लावणाऱ्यासाठी नसतो, चढणाऱ्यासाठी असतो." तुझ्या मनात काय होतं ते शिडीवर चढणाऱ्याला दिसत नाही, त्याला फक्त टॅग दिसतो, असं त्याचं स्पष्टीकरण. ते स्पष्टीकरण पाऊण तास चालतं, म्हणून मी थोडक्यात आटोपलं.

आता मी जे सांगणार आहे, त्यासाठी कर्टिससाहेबांची परवानगी घेतलेली आहे. गुणाजीरावांची घेतलेली नाही. कारण गुणाजीराव गेले चौदा महिने माझ्याशी बोलत नाहीत.

हसू नका! खरंच बोलत नाहीत. पूर्वी हा माणूस खिडकीवर यायचा तो आरोळी ठोकतच, "काय विश्वनाथशेट, जागा आहेस का?" गेले चौदा महिने खिडकीवर येतो, पलीकडच्या भिंतीकडे बघतो आणि आपला बॅज नंबर सांगतो. "चारशे बारा." बस्स. मी म्हणतो, चहा? तो म्हणतो, चारशे बारा. मी ईदच्या शुभेच्छा दिल्या, दिवाळीच्या दिल्या. चारशे बारा! या दोघांच्या भांडणाचं कारण काय, असा प्रश्न नव्या मंडळींना पडला असेल. कारण अमेरिकेचं आहे. होय, गुहागर तालुक्यातल्या दोन माणसांनी जुबैलमध्ये अमेरिकेवरून अबोला धरला आहे. आपण कोकणी माणसं भांडणासाठी बांधाची वाट बघत बसत नाही.

झालं असं की, फार पूर्वी इथे डेलसाहेब नावाचे सुपरवायझर होते. अमेरिकेच्या दक्षिणेकडचे, अलाबामाचे. तांबडे गोरे आणि पोटाने आमच्या रफीकपेक्षा जरा पुढे. एका शटडाउनमध्ये, म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्ती चालली असताना, गुणाजीने एका परांचीला लाल टॅग लावला. वरच्या मोठ्या साहेबांना घाई. ते ओरडायला लागले, हा फोरमन कोण सांगणारा, यल्ला, माणसं चढवा! डेलसाहेबांनी काय करावं? एक खुर्ची मागवली, शिडीच्या पायथ्याशी मांडली आणि तीत बसले. म्हणाले, "गुणाजी लाल म्हणतो, म्हणजे लाल." पाऊण दिवस बसून राहिले, उन्हात. दुपारी वारा चढला आणि त्या परांचीच्या दोन फळ्या सुटून खाली आल्या. वर कोणी नव्हतं. असते तर सात माणसं असती, आणि त्यांतले दोघे आज इथे दुसऱ्या रांगेत बसलेत.

गुणाजीच्या कष्टाच्या आयुष्यात त्याच्या शब्दासाठी खुर्ची टाकून बसलेला साहेब तो एकच. डेलसाहेब कायमचे परत गेले तेव्हा त्यांनी गुणाजीला आपल्या खोलीतलं एक मोठं कापड दिलं. तांबडं, त्यावर निळी फुली, फुलीत पांढऱ्या चांदण्या. "हे माझं घर," एवढंच म्हणाले. गुणाजीला वाटलं, साहेबांच्या गावचा झेंडा असेल. त्याने तो पेटीत कपड्यांच्या तळाशी ठेवला. पुढे काही वर्षांनी डेलसाहेब वारल्याची बातमी आली.

दोन वर्षांपूर्वी वाळूच्या वादळात आपल्या यार्डातला विंडसॉक फाटला. गॅस सुटला तर वारा कुठून येतोय हे बघून पळायचं असतं, त्यासाठी काठीवर ती भगवी पिशवी असते. नवीन पिशवीची मागणी स्टोअरकडे गेली. आता अध्यक्षस्थानी कोण बसलंय हे लक्षात घेऊन, ती मागणी तिथे किती महिने पडून होती हे मी सांगणार नाही. सिराजभाई, हे वाक्य भाषांतरात गाळू नका! पण गुणाजीला चैन पडेना. आपली माणसं वारा न बघता काम करताहेत हे त्याला बघवेना. त्याने पेटीतून डेलसाहेबांचं कापड काढलं आणि काठीवर चढवलं. वारा झकास दाखवायचं. आम्ही सगळे रोज त्याच्याकडे बघत होतो. एकाने तरी विचारलं का, हे काय आहे? मीही नाही विचारलं.

मग कर्टिससाहेब आले. तुम्ही बघताच आहात, साहेबही अमेरिकेचे, पण काळे. माझी खिडकी अशी आहे की तिथून अख्खं यार्ड दिसतं. मला दिसायला लागलं की साहेब बसमधून उतरतात आणि ऑफिसकडे सरळ न जाता रंगाच्या शेडमागून वळसा घालून जातात. जून गेला, जुलै गेला. ऑगस्टच्या उन्हात हा माणूस चारशे पावलं जास्त चालतोय! शेवटी मी भोचकपणा केला. तो मला जमतो. विचारलं, साहेब, रस्ता चुकताय का?

तेव्हा त्यांनी काठीकडे बोट दाखवलं. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत घरातल्या घरात युद्ध झालं. दक्षिणेतल्या राज्यांना गुलाम ठेवायचे होते, म्हणून ती फुटून निघाली, आणि लढाईत त्यांच्या सैन्याचा हा झेंडा होता. आजही तिकडे काही लोक तो लावतात, म्हणतात हा आमच्या पूर्वजांचा अभिमान. आणि ज्यांचे पूर्वज गुलाम होते, त्यांनी काय म्हणावं? साहेबांच्या लहानपणी गावातल्या मोठ्या दुकानावर हा झेंडा होता. त्यांची आजी त्यांना घेऊन तिथून कधी जायची नाही, मागच्या गल्लीने न्यायची. हात घट्ट धरायची. "मी अठ्ठावन्न वर्षांचा झालो," साहेब म्हणाले, "पण हे दिसलं की पाय आपोआप वळतात." मनात आणलं असतं तर साहेबांच्या एका ईमेलने गुणाजीरावांचा निरोप समारंभ तेव्हाच झाला असता, आणि तोही हाराशिवाय. त्यांनी तो ईमेल केला नाही. ज्याने लावलाय त्याला माहीत नसावं, असं ते मला म्हणाले.

हे सगळं गुणाजीला एका कोपऱ्यात, चहा पाजून, हळू आवाजात सांगायला हवं होतं की नाही? कोणताही शहाणा माणूस तेच करेल. मी काय केलं? याच मेसमध्ये, चाळीस माणसांसमोर, हातात ताट घेऊन सांगितलं.

मग जो काही गदारोळ झाला! कोणी म्हणालं, अमेरिकेची भांडणं अमेरिकेत. कोणी म्हणालं, कापड आहे रे, कापडाला काय कळतंय. आपल्या वैभवने मोबाइलवर शोधून एक अर्थ वाचून दाखवला, लगेच पलीकडच्या टेबलावरून दुसऱ्याने मोबाइलवरच नेमका उलटा अर्थ वाचला. रफीक पळी घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, त्यात कुठे लिहिलंय का बघा, की भात गार होतोय. सिराजभाई तेवढे शांतपणे म्हणाले, "नुसतं कापडच असेल तर उतरवायला काय हरकत आहे?"

गुणाजी उभा राहिला. म्हणाला, "माझ्या मनात तसलं काही नाही. मी वाऱ्यासाठी लावलाय आणि माझ्या साहेबाच्या आठवणीसाठी लावलाय. डेलसाहेब वाईट माणूस नव्हता." आणि मी, त्याचा इतक्या वर्षांचा दोस्त, सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, "गुणाजी, टॅग कोणासाठी असतो रे? लावणाऱ्यासाठी की चढणाऱ्यासाठी?"

इथे मी थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला टाळी हवी होती. मी पुढे म्हणालो, "आणि तुझ्या डेलने तुला दिलं काय, तर एक चिंधी."

गुणाजी ताट तसंच ठेवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खिडकीतून दिसलं. गुणाजी स्वतः काठीवर चढला. हाताखाली बारा माणसं असताना कोणाला चढवलं नाही. त्याने ते कापड उतरवलं, चारही टोकं नीट जुळवून घडी घातली. आणि त्या जागी कामावर घालायच्या आपल्या जुन्या भगव्या कव्हरऑलची बाही लावली, कापून, शिवून, तोंडाला तारेचं कडं घालून. अस्सल विंडसॉक! एवढ्या महिन्यांत हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. थोड्या वेळाने कर्टिससाहेब बसमधून उतरले. सवयीने शेडकडे वळले, वर बघितलं आणि थांबले. मग यार्डाच्या मधोमध चालत काठीखाली आले. गुणाजी तिथेच उभा होता. दोघांत जो ऐतिहासिक संवाद झाला तो असा. साहेब म्हणाले, "गुड विंड." गुणाजी म्हणाला, "नॉर्थ-वेस्ट, सर." खलास! पाठीवर थाप नाही, भाषण नाही. ते माझ्यासारख्यांसाठी राखून ठेवलेलं असतं.

पुढे स्टोअरमधून नवा विंडसॉक आला. आला हो, सिराजभाई, मी मान्य करतो! तेव्हा ती बाही कर्टिससाहेबांनी मागून घेतली. ती त्यांच्या ऑफिसच्या भिंतीवर लावलेली आहे. तिचा अर्थ काय यावर कॅम्पात अजून एकदाही वाद झालेला नाही.

आता शेवटचं. हे मला सिराजभाईंनी परवा सांगितलं. त्या दिवशी मेसमधून निघून गुणाजी स्टोअरमध्ये जाऊन बसला होता, आणि त्याने एकच गोष्ट विचारली होती. "सिराजभाई, डेलसाहेबांना माहीत असेल का हो, याचा अर्थ काय होतो ते?" याचं उत्तर कोण देणार? ज्याला विचारायचं तो माणूस राहिला नव्हता. म्हणजे बघा, त्या दुपारी गुणाजीच्या हातून झेंडाच नव्हे, सगळ्यात जवळचा साहेबही अर्धा निसटला होता. आणि मी त्याच वेळी टाळीची वाट बघत उभा होतो.

काल गुणाजीची बॅग वजन करायला माझ्याकडे आली. सात किलो जास्त भरली. बुरैद्याचे खजूर काढून बघितलं, तर तळाशी त्या कापडाची घडी होती. मी खजूर पुन्हा वर रचून बॅग बंद केली. पेटीच्या तळाची आठवण ज्याची त्याची असते. वजनाचं मी बघतो.

कर्टिससाहेब, आपण आलात, आभारी आहोत. अध्यक्षमहाराज, आपण मला वेळ दिलात आणि माझे टोमणे बहुतेक गाळलेत, आभारी आहे. रफीक, डाळीबद्दल आभार.

वक्त्याने शेवटी उणंअधिक बोललो असेन तर क्षमा करा असं म्हणायची रीत आहे. ती मी आजवर पुष्कळ वेळा पाळली, मनात काही नसताना. आज आहे. गुणाजी, टॅगचं मी बोललो ते खरं होतं, ते मी परत घेत नाही. चिंधी म्हणालो, ते परत घेतो. चाळीस माणसांसमोर म्हणालो होतो, म्हणून चाळीस माणसांसमोर माफी मागतो. चुकलो रे.

उद्या सकाळी बस निघण्याआधी तू माझ्या खिडकीवर बॅज जमा करायला येशील. बॅज दिलास की तुझ्याकडे नंबर राहणार नाही. मग तुला माझ्याशी काहीतरी दुसरं बोलावं लागेल. मी जागा असेन.