भाचीची जागा

(मतदारसंघातलं कार्यालय. निकालानंतरची दुपार. पंतप्रधान असलेली धाकटी बहीण उभी आहे. थोरली भिंतीवरचे प्रचाराचे फलक उतरवते आहे.)

धाकटी : तो तरी राहू दे ना ताई. माझ्या देखत कशाला उतरवतेस?

थोरली : ही जागा संध्याकाळपर्यंत रिकामी करून द्यायचीय. मालकाचे सारखे फोन येताहेत. कालपर्यंत मला बाईसाहेब म्हणत होता.

धाकटी : मी अजून पंतप्रधान आहे म्हणावं त्याला.

थोरली : सांगितलं. म्हणाला, असतील हो, पण इथे पडल्या ना!

धाकटी : देशभर पक्ष निवडून आला, तोही माझ्या तोंडाकडे बघून. आणि मी मेली आपल्याच अंगणात तोंडघशी पडले. काय चुकलं गं? गल्लीबोळ पालथे घातले. एकानंही तोंडावर नाही म्हटलं नाही. जो तो म्हणायचा, बघतो, बघतो.

थोरली : अगं, बघतो म्हणजे नाही.

धाकटी : काहीतरीच काय!

थोरली : इतकी वर्षं तू त्यांना काय म्हणत आलीस? पूल कधी होणार? बघते. दवाखान्यात डॉक्टर नाही. बघते. माणसं तुझं ‘बघते’ घेऊन या दारातून बाहेर पडायची आणि पायरीवरच एकमेकांना सांगायची, नाही म्हणाल्या. तूच शिकवलास त्यांना तो शब्द.

धाकटी : मग मला सांगितलं का नाहीस?

थोरली : फोन करत होते की. तुझे सचिव म्हणायचे, निरोप देतो, मॅडम बघतील.

धाकटी : तू तरी मला मत दिलंस ना?

थोरली : दिलं. पण हात जड झाला होता. खोटं कशाला बोलू?

धाकटी : चहा आहे का गं?

थोरली : थर्मासमध्ये सकाळचा आहे. कोमट झाला असेल.

धाकटी : चालेल. ताई, तुझ्याशी एक बोलायचं होतं.

थोरली : ठाऊक आहे. म्हणून तर मघापासून तुला बस म्हटलं नाही.

धाकटी : सहा महिन्यांत दुसरीकडून निवडून आले की पद राहतं. पक्षाचं म्हणणं आहे, शेजारचा मतदारसंघ सगळ्यात भरवशाचा.

थोरली : शेजारचा मतदारसंघ काय म्हणतेस? माझ्या लेकीनं जिंकलेली जागा म्हण.

धाकटी : तिचं अजून वय आहे. पुढच्या खेपेला मी स्वतः तिला...

थोरली : उभी तू राहिलीस, पडलीस तू, आणि बसायचं माझ्या पोरीनं?

धाकटी : तिकीट मी दिलं होतं तिला.

थोरली : तिकीट दिलंस. मतं तिची तिनं मिळवली. घरी यायची तेव्हा पायात चप्पल घालवत नव्हती, एवढे फोड आले होते.

धाकटी : मी तिलाच विचारते. ती नाही म्हणाली तर विषय संपला.

थोरली : नाही म्हणणार नाही गं ती! तिथेच तर सगळं घोडं अडलंय. लहानपणी तू आलीस की स्वतःची गादी तुला देऊन खाली झोपायची. मावशीनं मागितलं तर हसत देऊन टाकेल. म्हणून विचारू नकोस. हात जोडते.

धाकटी : हात काय जोडतेस? मी काय परकी आहे?

सचिव : मॅडम, येऊ का? पक्षाध्यक्ष फोनवर थांबलेत. तुम्ही हो म्हटलंत की संध्याकाळी जाहीर करू. भाचीताई जागा सोडायला तयार आहेत.

थोरली : म्हणजे तिला विचारून झालं?

धाकटी : मी नाही विचारलं. ताई, शपथ.

सचिव : मी विचारलं. वेळ हातात नाही, मॅडम. लगेच हो म्हणाल्या.

धाकटी : काय म्हणाली नेमकं?

सचिव : म्हणाल्या, मावशीला हवी असेल तर घ्या. मग विचारलं, दारात माणसं आलीत कामं घेऊन, त्यांना काय सांगू?

धाकटी : तुम्ही काय सांगितलंत?

सचिव : म्हटलं, सध्या बघते म्हणून सांगा.

धाकटी : अध्यक्षांना सांगा, दुसरा नेता निवडा. मी राजीनामा देतेय.

सचिव : मॅडम, घाई करू नका. देशाचा प्रश्न आहे.

धाकटी : देश कुठे पळून जात नाही. जा, सांगा त्यांना. आणि जाताना दार लावून घ्या.

थोरली : रागाच्या भरात बोललीस का?

धाकटी : नाही गं. रागवायलासुद्धा अंगात जोर लागतो. मला ते पद हवं होतं, ताई. अजूनही हवंय.

थोरली : ठाऊक आहे मला. रड हवं तर. इथे कुणी नाही.

धाकटी : रडूही येत नाही. नुसती झोप येतेय.

थोरली : घरी चल. आईच्या खोलीत अंथरूण घालते. पंखा जरा खडखडतो.

धाकटी : खडखडू दे.

थोरली : लेकीचा फोन येईल. काय सांगू तिला?

धाकटी : सांग, मावशी झोपलीय. आणि म्हणावं, दारात माणसं थांबलीत, आधी त्यांच्याशी बोल.