उलटं दाबलेलं पातं

रिसोडच्या बाजारात विळ्याला धार लावायला बसलो होतो. रंगराव माळ्याची थोरली बायको गिरजाबाई घडीचा चाकू घेऊन आली.

"लोहारदादा, पेरू कापता कापता मालकाच्या चाकूची कमान तुटली. पातं उघडं राह्यतच नाही."

"पेरू कापून कमान तुटत नसते, गिरजाबाई. कोनीतरी पातं उलटं दाबलं."

"मीनंच दाबलं. रोज पेरू कापून न्यायचा माह्या सवतीले. मले कधी एक फोड नाही."

"मागच्या बाजारी सवतच आली होती तुमची, हाच चाकू घेऊन. तिनंही पातं उलटंच दाबलं होतं."

"तिले काय कमी आहे?"

"ती म्हने, मालक पेरू कापून थोरलीलेच नेऊन देते."

गिरजाबाईनं हात पुढं केला.

"द्या तो चाकू तसाच. पेरू खाते कोन, ते आता आमी दोघी मिळून पाह्यतो."