करपलेल्या धानाची पेंडी

अजी रामाजीभाऊ, ती पेंडी मांडीवर काऊन धरून बसले? ठेवा ना खाली. सोयरीक पाहाले मानूस पेढे घेऊन येते — तुमी करपलेलं धान घेऊन आले! नाई जी, हासून नाई राह्यलो. चूक माहीच हाये. मधल्या मानसाले मीच सांगतलं होतं का आमची रिना सिंदेवाहीकडं धानाच्या रोगावर संशोधन करते. मले का मालूम, तुमी पोराले घरी ठेवान अन् रोग घेऊन यान!

तिले बलावू? बलावतो ना, पव्हे करून राह्यली. आधी च्या घ्या. — करपा काऊन आला, हे तिले नाई सांगता येनार. काऊन म्हंजे... ती धानाच्या रोगावर नाई ना. मानसाच्या रोगावर हाये. डाक्टरीन नाई, संशोधन करते. लसीचं. कोन्त्या रोगाची? असते एक. आंगाचा. म्हंजे आंगाच्या आतला. लग्नानं होते — लग्नानं नाई जी, लग्नाच्या... तुमाले लेकरं हायेत ना? मंग समजून घ्या ना कोन्त्या रस्त्यानं येते!

उठू नका! बसा जी. रोग तिले नाई! पोलिसवाला चोराच्या मागं असते, म्हनून तो चोर होते का? तसंच हे. बायांच्या पिशवीच्या तोंडाशी तो विषानू बसते, कितीक वर्सं पत्ता लागत नाई, मंग कॅन्सर होते. पोट्टी लहान असतानी लस टोचली का बहुतेक टळते, असं रिना म्हनते. शाळेशाळेत फिरते ती — कोन्या मायनं हो म्हन्लं, कोन्या बापानं नाई म्हन्लं, काऊन म्हन्लं, सारं इचारते. गावचे लोक समोरून छी म्हनतेत अन् मागच्या दारानं येतेत. परवा सुकलू आला, गुरायच्या कोठ्यातून, तोंडाले दुपट्टा बांधून. म्हने, रिनाबाई, माहं काही खरं नाई, बायकोले सांगू नोको. तिनं पाह्यलं — नायटा निंगला, मानेवर! नायट्याले लोक आता असे लाजून राह्यले.

पोरगी सोन्यासारखी हाये, भाऊ. पन रोगाचं नाव काढलं का पाव्हने च्या अर्धा सोडून उठतेत. म्हनून धान सांगतलं. तेवढ्यासाठी तिच्यावर नाराज होऊ नका. वैनीले तं मालूमच... काही नाई. कोन्या वैनीले? माह्या वैनीले. मले वैनी नाई, हे तुमाले कोनं सांगतलं?

बरं, ऐका. तुमची पोरगी साक्षी मागच्या महिन्यात धनुर्वाताची सुई घेऊन आली ना? ते धनुर्वात नव्हतं. वैनी सोता तिले शाळेत हीच लस टोचाले घेऊन गेल्या होत्या. तिथीच त्यायनं रिनाले पाह्यलं, अन् घरी येऊन तुमाले म्हन्ल्या असन, आपल्या धम्मदीपसाठी पोरगी पाहून या. तुमाले वाटलं, मधल्या मानसाच्या डोक्यातून निंगालं? — हे मी बोललो नाई. तुमी ऐकलं नाई.

असे पेंडीकडं पाहू नका, मले भेव वाटते. घरी जाऊन वैनीवर तापू नका, हात जोडतो. त्यायनं तुमाले धनुर्वात सांगतलं, मी धान सांगतलं — दोघंबी तुमाले भेलो. अन् तुमी तं कवा काही म्हन्लंबी नव्हतं. पेंडी घेतली अन् दोन एसट्या बदलून आले बिचारे.

का म्हन्लं? जोरात बोला. साक्षीचा दुसरा डोस कवा? मले काऊन इचारता? घ्या, आलीच ती. रिना, पव्हे ठेव खाली अन् बस इथी, यायले तुले काही इचाराचं हाये. मी जातो बापा, बैलाले पानी पाजतो.