पाशाला खोकता येत नाही

नाही, चावत नाही तो — बसा ना मावशी, जागा आहे — तोंड उघडं ठेवलंय ते चावायला नाही, श्वासाला. अजगर आहे, लहान जातीचा, एवढाच राहतो. पाशा नाव. झाकण पक्कं आहे, तुमच्या मांजराला काही व्हायचं नाही — उलट तेच बघतंय कसं, जेवायला वाढलंय जणू. आणि ही इस्क्रा, माझी, चार महिन्यांची. या प्राण्यांच्या दवाखान्यापर्यंत पांचेवोच्या बसमधून आले, एका हातात साप, दुसऱ्या हातात बाळ. लोक जागा देतात मात्र. आख्खी रांग रिकामी करून देतात.

ऐकू येतेय ना शीळ? मला आधी वाटलं इस्क्राचीच छाती वाजतेय. मी अशीच आहे, तिला शिंक आली तरी पुस्तक उघडून बसते. धावतच नेलं बालरोगतज्ज्ञांकडे. त्या म्हणाल्या, छाती स्वच्छ आहे, तुम्हीच जरा झोप काढा. घरी आले, ही दूध पिऊन गप्प, आणि शीळ चालूच — पेटीतून. नाकपुडीवर बुडबुडा, मान वर करून बसलेला, वरून कुणी हाक मारल्यासारखा. सापाला खोकता येत नाही, माहीत आहे? मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. आपल्याला छातीखाली पडदा असतो ना, तो त्यांना नसतो. कफ साचला की साचला. मुलं विचारायची, बाई, मग तो काय करतो? मी म्हणायचे, वाट बघतो. हसायचा सगळा वर्ग.

कशानं झालं? सासूबाईंमुळे. म्हणजे — तसंच ठरलंय आमच्याकडे. देसांका त्यांचं नाव. बाळंतिणीच्या चाळीस दिवसांसाठी गावाहून आल्या आणि चाळिसाचे एकशेवीस झाले. वाऱ्याची धास्ती! या खिडकीतून आत, त्या खिडकीतून बाहेर असा वारा घरात शिरला की माणूस मेलाच म्हणून समजायचं — तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही इथे आत येऊनही मफलर सोडला नाहीत. आणि हा कोशावा वारा तर आज कसा सुटलाय! तर खिडक्यांच्या फटींत चिंध्या, कुलपाच्या भोकात कापूस, आणि पाशाच्या पेटीला हवेसाठी जाळी असते, तिच्यावर चिकटपट्टी. पट्टीवर स्वतःचे लोकरी मोजे. आतली वाफ आतच, काचा घामेजलेल्या. आणि शीळ लागल्यावर आलुबुखाराची दारू, राकिया, घेऊन छाती चोळायला बसल्या. मी म्हटलं, आई, त्याची छाती कुठे संपते ठाऊक आहे का? तर म्हणाल्या, "नाही ना सूनबाई, म्हणून तर सगळाच चोळतेय."

घाबरतील कशाला? गावाकडे उंबऱ्याखाली घर राखणारा साप असतो ना — त्यांच्या लेखी तो हाच. फ्लॅटला उंबरा नाही म्हणून काचेत राहतो बिचारा. रोज सकाळी आधी त्याला विचारायच्या, "कसा आहेस रे म्हाताऱ्या?" — मग मला. आणि म्हणायच्या, तो गेला तर घरातलं एक माणूस बरोबर घेऊन जातो. बाळ मांडीवर असताना म्हणायच्या! मी शिकलेली बाई. मी हसले.

रविवारी स्रेतेन आला — नवरा माझा, ऑस्ट्रियाच्या फेऱ्या असतात, ट्रकवर. पट्टी पाहिली आणि जो ओरडला! पाशा अकरा वर्षांचा आहे, माझ्याही आधीचा. दुपारच्याच बसमध्ये बसवलं आईला. बुटात मोजेसुद्धा नाहीत, ते पेटीवरच राहिले. "त्याच्यासाठीच केलं रे, त्याला वारा लागू नये म्हणून" — एवढंच म्हणत होत्या. मी दारात उभी, ही कडेवर. काही बोलले नाही.

काय बोलणार? पट्टी त्यांनी लावली त्या दिवशीच मी पाहिली होती. मोज्यांसकट. आत ओल साचली की काय होतं हे मला पाठ आहे — म्हटलं, असू दे. इस्क्रा उद्या रांगायला लागेल, आणि त्याच खोलीत हा. स्रेतेनला किती सांगितलं, विकून टाक. "तू आलीस तेव्हा तो होताच," म्हणाला. म्हटलं, साप जाईल नाहीतर सासू, काहीतरी एक कमी होईल. पण महिना गेला तरी याला काही होईना, मजेत! मग पेटीच्या उबेचं बटण — बत्तीस अंशांवर असायचं — बावीसवर आणलं. नुसतं बोटानं फिरवायचं असतं. काही वाटतसुद्धा नाही. आणि रविवारी सकाळी, स्रेतेन यायच्या आत, परत बत्तीसवर.

असं बघू नका हो. तुम्हीच विचारलंत ना कशानं झालं म्हणून? की — नव्हतं विचारलं?

डॉक्टरांनी काल सांगितलं, वाचेल. दर तिसऱ्या दिवशी एक सुई, अशा दहा. घरी मीच टोचायच्या, पुढच्या भागात, दोन खवल्यांच्या मधे. जमेल मला. किंवा मग एकच सुई, इथे. त्याला म्हणे कळतही नाही. स्रेतेन शनिवारी येईल, तोवर पेटी धुऊन होईल. आणि कारण तर त्याच्याकडे आहेच. आई आता पुन्हा कसली येतेय!

हो, डॉक्टर, आलेच. मावशी, हिला धरता का जरा? दोनच मिनिटं. आत नको वाटतं न्यायला. तसलं काही नाही हो, मी मानत नाही — फक्त तो जाताना ही त्याच खोलीत असायला — धरा ना. अहो, मांजराची टोपली खाली ठेवा की. उठलात का? हिची काय चूक यात?

बरं. नका धरू. तिकडे दाराशी बसताय खऱ्या, पण वारा लागेल हो तुम्हाला.

आले, डॉक्टर. हो, ठरलंय. एकच. — इस्क्रा, डोळे मिट गं राणी.