रांगेत मागे मागे

माघातला मंगळवार. अमरावतीला अंबादेवीची ओटी भरायला बायांची रांग पार वेशीपर्यंत गेली होती. माझ्यापुढे कडेवर लेकरू घेतलेली एक बाई, तिच्यापुढे एक म्हातारी.

"मावशी, तुमी पुन्हा मांगं काहून आल्या? मगाशी तर दारापाशी पोचल्या होत्या."

"एका पोटुशी बाईले जागा देल्ली."

"अन् त्याच्या आंधी?"

"आंधीची लई थकली होती."

"अशानं ओटी कवा भरसान?"

"भरीन की. घाई कोनाले हाय?"

"घरी वाट पाहात असतीन ना."

"घरी कोन हाय, बाई? कापसाले सोन्याचा भाव आला, तवापासून दोघंई पोरं बायकालेकरं घेऊन अकोल्याच्या बाजारात रायतेत. घरी मी अन् गाय."

"मंग जा ना त्यायच्याकडं."

"गाय कोनाच्या भरोशावर सोडू?"

"तरी या गर्दीत कायले उभ्या रायता? धक्के बसून राहिले."

"बसू दे. घरी मले कोनी सरक म्हनत नाही."

मागून कोणीतरी ओरडलं, "ओ माय, सरका ना पुढं."

म्हातारीनं पदर सावरला.

"तू हो पुढं, बाई. तुह्या कडेवर लेकरू हाय. मी थांबतो."